दोन फुटी टाकी, तीन कागद आणि सिक्लिडांची पाच बिऱ्हाडं

टाकीचं माप आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३०, उंची ३०. गुणाकार केला की ५४ लिटर. वाळू, दगड आणि वर मोकळी सोडलेली चार बोटं वजा केली की हातात उरतं चाळीसेक लिटर पाणी. ही टाकी मुलीने हट्टाने आणली, वर्षभर तिच्यात गप्पी पाळले आणि शिकायला बाहेर गेली. टाकी माझ्या गळ्यात पडली. त्यानंतरच्या पाच वर्षांत या काचेत सिक्लिड माशांची पाच बिऱ्हाडं आली. चार उठली, पाचवं नांदतंय. मी हिशेबनीस आहे, त्यामुळे कोण कधी आलं, काय खाल्लं, कुणी कुणाला मारलं, सगळं वहीत आहे. हे परीक्षण त्या वहीवरून.

(पहिली दोन वर्षं मी 'चिचलिड' म्हणायचे. एकाही दुकानदाराने दुरुस्त केलं नाही. बहुधा तेही तसंच म्हणत होते.)

गप्पींना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी म्हणजे खाणं टाकणारा हात. सिक्लिड तुमच्याकडे बघतो. डोळा खोबणीत फिरवून बघतो, तुम्ही उठलात की कुठे चाललात ते बघतो, अनोळखी माणूस खोलीत आला तर दगडामागून बघतो. दुसरं म्हणजे संसार. या कुळातल्या १,७०० हून जास्त प्रजातींना आजवर नावं दिली गेली आहेत आणि त्यातल्या जवळपास सगळ्या अंड्यांची, पिल्लांची राखण करतात. कुणी आई एकटी, कुणी दोघं मिळून, कुणी तोंडात धरून. टाकीसमोर तासभर बसून राहावंसं वाटतं ते त्यामुळे. आणि टाकीत मुडदे पडतात तेही त्यामुळेच. पिल्लांसाठी जागा राखणारा मासा ती जागा कुणाला देत नाही.

पहिलं बिऱ्हाड आलं तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात एका टाकीवर चिठ्ठी होती, 'मिक्स आफ्रिकन'. आत पिवळेधमक, काळ्या पट्ट्यांचे, बोटाएवढे मासे. "ताई, हे टाकीच्या मापानेच वाढतात," असं सांगून माणसाने सहा मासे पिशवीत भरले. मासा टाकीच्या मापाने वाढतो ही या धंद्यातली जुनी थाप. लहान टाकीत घाण लवकर साचते, त्या पाण्यात मासा खुरटतो, आणि आपण म्हणतो बघा, राहिला की नाही लहान.

माझे काही खुरटले नाहीत. पाचव्या महिन्यात सहांतला एक काळवंडायला लागला. पिवळा रंग जाऊन अंग काळपट, बाजूने फिकट निळसर पट्टा. मला वाटलं आजारी पडला. मुलीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई, आजारी नाहीये तो. वयात आलाय." ते मेलॅनोक्रोमिस ऑरॅटस होते, आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकांत राहणारे. अशा खडकवासी माशांना तिथल्या भाषेत म्बुना म्हणतात. ऑरॅटसचा नर दहा-अकरा सेंटिमीटरचा होतो, रंग बदलतो आणि म्बुनांमध्येही तामसी म्हणून नावाजलेला आहे. काळ्याने तीन आठवड्यांत चौघांना संपवलं. पाचवा हीटरच्या मागे उभा राहून राहून झिजला. माझ्या वहीत त्या पानावर फक्त तारखा आहेत.

म्बुना पाळणारे लोक मुद्दाम दाटी करतात, म्हणजे मार एकावर न पडता सगळ्यांत वाटला जातो. पण ते चार फूट आणि त्याहून मोठ्या टाक्यांत, दणकट फिल्टर लावून. दोन फुटांत दाटी केली तर पाणी नासतं, आणि दाटी नाही केली तर मासे मरतात. त्यामुळे या बिऱ्हाडाला शून्य गुण, आणि त्यात माशांची चूक काहीच नाही. उरलेला काळा एका मोठी टाकी असलेल्या ओळखीच्यांकडे गेला. तिथे तो म्हणे अगदी सभ्य आहे.

त्या रविवारी मी टेबलावर ए-फोर कागद शेजारी शेजारी मांडून बघितले. तीन कागद उभे लावले की ६३ बाय जवळपास ३० होतात. म्हणजे माझ्या टाकीचा तळ तीन कागदांपेक्षाही किंचित लहान. सिक्लिडाच्या बाबतीत लिटर मोजण्यात मी उगाच वेळ घालवला. टाकीत राहू शकणारे बहुतेक लहान सिक्लिड तळालगत जगतात, तळावरच भांडतात. ४५ बाय ३० बाय ४० ची उंच टाकीही ५४ लिटरचीच असते, दिसायला ऐटबाज असते, पण तिचा तळ भरतो दोन कागदांहून थोडासा जास्त. तिसरा कागद हवेत गेला. तेव्हापासून कुठलाही मासा बघितला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: याला किती कागद लागतात? आणि त्याला पुस्ती: पिल्लं झाल्यावर किती?

दुसरा प्रश्न पाण्याचा. थेंबांचा तपासणी किट आणून नळाचं पाणी बघितलं. पीएच ७.८, कडकपणा (पाण्यातले क्षार) म्हणजे जीएच १४. तसं कडक पाणी. हे आकडे वहीत लिहिले आणि लगेच विसरून मी राम आणले.

रामबद्दल थोडक्यात, कारण तो थोडकाच राहिला. मायक्रोजिओफॅगस रामिरेझी, १९४८ साली शास्त्रात नोंदला गेलेला, व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या गवताळ प्रदेशातला. पाच-सहा सेंटिमीटर, अंगभर निळे ठिपके, मादीचं पोट गुलाबी. जोडीला एक-दीड कागद पुरतो, शेजाऱ्यांशी वागणूक बरी, मापाने अगदी योग्य मासा. पण त्याला हवं मऊ, आम्लाकडे झुकलेलं आणि २८ ते ३० अंशांचं पाणी. माझ्याकडे २५ अंश आणि जीएच १४. एकोणिसाव्या दिवशी मादी गेली, तेविसाव्या दिवशी नर. टाकीत राम राहिला नाही. दुकानातले फार भडक राम कधी कधी हार्मोन देऊन रंगवलेले असतात, हे मला नंतर समजलं. मुळात आयुष्य दोन-तीन वर्षांचं, त्यात ही सुरुवात. फुग्यासारखं अंग मुद्दाम आखूड केलेला 'बलून राम' मिळतो तो मात्र मला बघवतही नाही.

त्याचा चुलतभाऊ बोलिव्हियन राम रंगाने साधा, सात-आठ सेंटिमीटरचा, २३ ते २६ अंशांत सुखी आणि पाण्याच्या बाबतीत पुष्कळ सोशिक. मी पाळलेला नाही, म्हणून गुण देत नाही. पण पहिल्यांदाच सिक्लिड घेणाऱ्याने निळ्या रामसमोर उभं असताना शेजारच्या टाकीतल्या या भुरकट माशाकडे एकदा बघावं.

तिसरं बिऱ्हाड क्रिब्सचं. क्रिबेन्सिस, म्हणजे पेल्विकाक्रोमिस पल्चर, नायजेरियाच्या बाजूचा. नर दहा सेंटिमीटर, मादी त्याहून आखूड आणि गोलसर, पोटावर जांभळट लाल डाग. कडक पाणी चालतं, नळाच्या पाण्यात ठणठणीत राहतो. मी जोडी आणली, नारळाच्या अर्ध्या करवंटीला खाच पाडून उपडी ठेवली आणि तळ साफ ठेवायला सहा कॉरिडोरास सोडले. कॉरिडोरास म्हणजे मिशावाले, चिलखत घातलेले छोटे कॅटफिश. सगळे म्हणतात, गरीब स्वभावाचे असतात, कुणाशीही जमतं.

दोन महिने खरंच जमलं. मग मादी नरासमोर अंग वाकवून थरथरायला लागली. या माशांत पुढाकार तिचा. करवंटीखालची वाळू तोंडाने उपसून दोघांनी बाहेर ढीग घातला, मादी आत गेली आणि दिसेनाशी झाली. अंडी आत छताला चिकटवलेली. नर बाहेर पहाऱ्यावर. आणि कॉरिडोरास बिचारे नेहमीसारखे तळ हुंगत हुंगत थेट करवंटीपाशी. सिक्लिडाने सिक्लिडाला धमकावलं तर समोरच्याला ते कळतं: कल्ले फुगवले, रंग गडद केला, निघ इथून. कॉरिडोरासला ही भाषाच येत नाही. मार खातो, दोन सेकंद बाजूला होतो, पुन्हा हुंगत तिथेच येतो. रात्री तर हमखास. तिसऱ्या दिवशी सकाळी एकाचा डोळा गेलेला होता. उरलेले पाच मी ऑफिसला जायच्या आधी प्लास्टिकच्या टबात हलवले, हात ओले तसेच लॅपटॉपच्या बॅगेला लागले.

"जमतात" आणि "जमत नाहीत" असे दुकानात लावलेले तक्ते असतात ना, रकान्यात बरोबर किंवा फुली, त्यांच्यावरचा माझा विश्वास त्या सकाळी उडाला. क्रिब आणि कॉरिडोरास जमतात का? पहिले दोन महिने हो. तिसऱ्यापासून नाही. आधी क्रिब्सना एक कागद पुरत होता, अंडी घातल्यावर तीनही लागले. तक्त्यात हा महिन्यांचा रकाना नसतो.

कॉरिडोरास गेल्यावर मात्र क्रिब्सनी जे दाखवलं ते विसरणार नाही. पिल्लांचा ढग वाळूवरून सरकतोय, आई पुढे, बाप मागे. एखादं पिल्लू वाट चुकलं की बाप ते तोंडात घेतो आणि फुर्रकन घोळक्यात थुंकून देतो. नवरा, ज्याला मासे म्हणजे वीजबिल एवढंच माहीत, तोही खुर्ची ओढून बसला. अडचण पुढे आली. चाळीस पिल्लं सुटली, सहा आठवड्यांत दुसरी अंडी आली, आणि पहिल्या चाळिसांना घर कुणाचं? या माशात पाणी आम्लाकडे झुकलेलं असेल तर नर जास्त निपजतात, पीएच वर असेल तर माद्या. माझ्याकडे माद्यांची फौज झाली. पिल्लं बाहेर काढली की नवरा-बायको एकमेकांवर धावून जायचे. दहापैकी सात गुण. टाकीत दुसरं कुणीही तळाला नको, आणि पिल्लं घेणारा माणूस आधी शोधून ठेवा.

आता ॲपिस्टो. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण लहान टाकीसाठी सिक्लिड विचारलं की हेच नाव सगळ्यांत आधी निघतं. ॲपिस्टोग्रामा ही दक्षिण अमेरिकेतली बुटक्या सिक्लिडांचा मोठा गट. मी घेतला तो कॅकॅटुऑइडिस, पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उभारलेले, शेपटीवर शेंदरी ठिपके. नर आठ सेंटिमीटर, मादी जेमतेम पाच. निसर्गात एका नराच्या हद्दीत अनेक माद्या असतात आणि प्रत्येकीची आपली वेगळी जागा असते. "एक नर, दोन-तीन माद्या" हा सल्ला त्यातूनच आलेला आहे. मीही एक नर, दोन माद्या आणल्या. तीन कागद, तीन मासे, प्रत्येकाला एक. हिशेबनिसाचा मेंदू.

पाणीही या वेळी नीट केलं. नळाचं आणि आरओचं अर्धं-अर्धं मिसळलं, जीएच सातवर आला. हा ॲपिस्टो त्याच्या भाऊबंदांच्या मानाने सोशिक, त्याला तेवढं चाललं. खाली बारीक वाळू, एक वेडंवाकडं लाकूड, देशी बदामाची वाळलेली पानं. पानांतून चहासारखा रंग उतरतो, पाणी थोडं आम्लाकडे झुकतं, आणि मुख्य म्हणजे पानांच्या ढिगात लपायला मिळतं. वर पोहायला सहा पेन्सिलफिश. त्यांचं तोंड इवलंसं, राहणी पृष्ठभागालगत, आणि ते निवांत पोहताना दिसले की खालचा लाजरा सिक्लिडही धोका नाही समजून बाहेर येतो. सोबतीच्या बाबतीत पाच वर्षांत माझा एकच निर्णय पहिल्या फटक्यात बरोबर ठरला, तो हा.

सव्वा महिन्यात एक मादी लिंबासारखी पिवळी झाली, अंगावर काळे डाग कोरल्यासारखे. करवंटीच्या छताला पन्नास-साठ लालसर अंडी. त्या दिवसापासून टाकीची मालकीण ती. पाच सेंटिमीटरची बाई आठ सेंटिमीटरच्या नराला हाकलत होती आणि तो जात होता. दुसऱ्या मादीला तर तिने उजव्या कोपऱ्यातून हलूच दिलं नाही. मी मोजपट्टी काचेला लावून बघितलं. साठातले चाळीस सेंटिमीटर पिवळीचे, उरलेल्या विसात नर आणि दुसरी मादी. म्हणजे दोन कागद तिचे, एकात बाकी दोघं दाटीवाटीने. पाचव्या दिवशी दुसरीची शेपूट कुरतडलेली दिसली, तिला बाहेर काढलं. नराच्या परालाही चिरा होत्या. त्याच्यासाठी लाकडाचं तोंड फिरवलं, मधे एक उभा दगड ठेवला, म्हणजे करवंटीच्या दारातून तो दिसेनासा झाला. एवढ्याने हल्ले निम्म्यावर आले. जागा तेवढीच होती, फक्त नजर अडवली.

अंडी तीन दिवसांत फुटली, आणखी पाच-सहा दिवसांनी पिल्लं पोहायला लागली. आई अंगाला एक झटका देते आणि सगळी पिल्लं धपकन वाळूवर बसतात, दिसेनाशी होतात. दुसरा झटका, पुन्हा उठतात. ताज्या फुटलेल्या आर्टेमियाने (कोळंबीसारखे अगदी बारीक जीव) पोटं नारिंगी होतात, ती काचेतून दिसतात. या बिऱ्हाडाला आठ गुण. फक्त एक नर, एक मादी. दुसरी मादी तीन फुटांच्या टाकीसाठी ठेवा. आणि आरओचं पाणी दर आठवड्याला मिसळण्याची चिकाटी नसेल तर यात पडू नका. ती चिकाटी माझ्याकडे सव्वा वर्ष होती. पिल्लांचं तापमान वाढवलं तर नर जास्त निपजतात, असं वाचून मी हीटरचा काटाही फिरवून बघितला. एका वेळच्या पिल्लांवरून काही ठरवता येत नाही, त्यामुळे ती नोंद मी निष्कर्षाच्या रकान्यात घेतलेली नाही.

आरओचं कॅन उचलायचा कंटाळा आला तेव्हा मी शेवटी उलटा विचार केला. नळाला जे पाणी येतं त्यातच जो सुखी आहे, तो मासा कोणता?

पाचवं बिऱ्हाड: मल्टी. पूर्ण नाव निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस, टांगानिका सरोवरातला. ते सरोवर १,४७० मीटर खोल, पाणी कडक, पीएच ९ च्या जवळ. माझ्या नळाला त्याच्या पायाशी बसायचीही लायकी नाही, पण वाळूत थोडा प्रवाळाचा चुरा मिसळला की ८.२ पर्यंत जातं, आणि मल्टींना तेवढं पुरतं. जगातल्या सगळ्यांत लहान सिक्लिडांपैकी एक. नर साडेचार सेंटिमीटर, मादी तीन-साडेतीन. अंगावर तपकिरी उभ्या रेघा, निळसर डोळा. रंगाच्या बाबतीत ॲपिस्टोच्या शेजारी ठेवलं तर ऑफिसमधला जुना फडताळ वाटेल.

पण काय संसार मांडतात! सरोवराच्या तळाशी निओथॉमा नावाच्या गोगलगायीचे रिकामे शंख पसरलेले असतात, हे मासे त्यात राहतात. प्रत्येकाचा आपला शंख. झोपणं, लपणं, अंडी घालणं, सगळं आत. मी आठ लहान मासे आणले, पाच सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर घातला आणि गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे २५ शंख, तोंड दोन-तीन सेंटिमीटरचं, उकळून ठेवले. वार्निश केलेले शोभेचे शंख चालत नाहीत. ठेवताना शंख पाण्याखाली फिरवून आतली हवा काढावी लागते, नाहीतर वर तरंगतो, किंवा आत हवेचा बुडबुडा अडकतो.

पहिले तीन आठवडे टाकीत मासे आहेत हे कुणाला पटलं नसतं. नवऱ्याने विचारलं, "शंखच पाळायचे ठरवलंस का?" मग खोदकाम सुरू झालं. तोंडात वाळू भरायची, चार इंच लांब नेऊन थुंकायची, परत. महिनाभरात डाव्या बाजूला काच उघडी पडली आणि उजव्या बाजूला टेकडी उभी राहिली. मी नीट रांगेत मांडलेले शंख त्यांनी पुरले, उपसले, तिरके केले. लावलेल्या वनस्पती तिसऱ्या दिवशी वर तरंगत होत्या. दगडाला दोऱ्याने बांधलेलं ॲन्युबियास तेवढं टिकलं.

अंडी दिसत नाहीत. एके दिवशी शंखाच्या तोंडाशी तांदळाच्या कणीएवढं काहीतरी हललं. बहुतेक सिक्लिड पिल्लं मोठी झाली की हाकलतात, मल्टी हाकलत नाहीत. पुढची पिल्लं आली तरी आधीची त्याच वस्तीत, थोड्या पलीकडे. भांडणं होतात, रोज होतात, पण ती वाड्यातल्या बायकांच्या नळावरच्या भांडणासारखी. दोघी तोंडाला तोंड लावून उभ्या राहतात, एकीने दुसरीच्या दारात वाळू टाकलेली असते, मग आपापल्या शंखात. दोन वर्षांत परही फाटलेला नाही. एका कागदावर सुरू झालेली वस्ती आता तीनही कागद व्यापून आहे, आणि सगळे एकाच कुटुंबातले असल्यामुळे ते चालतं. साडेनऊ गुण. अर्धा गुण रंगाचा कापला.

मधे एक चूक केली. टांगानिकाचाच, खडकांत राहणारा ज्युलिडोक्रोमिस ट्रान्सक्रिप्टस दिसला. काळ्या-पांढऱ्या चौकडीचा, सात सेंटिमीटरचा, दगडाला पोट लावून उलटासुद्धा पोहतो. शंखवाले वाळूवर, हा दगडांत, सरोवर एक, पाणी एक, जमायलाच हवं. तीन फुटांत जमतं असं ऐकते. माझ्या दोन फुटांत दगडांची रास एका कागदावर ठेवली तर त्या जोडीने शेजारचा कागदही आपला धरला आणि त्यावरच्या मल्टींची पिल्लं दिसेनाशी व्हायला लागली. अकराव्या दिवशी जोडी परत. दुकानदाराने घेतली, तेवढे त्याचे उपकार. शंखवाल्यांत ओसेलॅटसही मिळतो, दिसायला मल्टीपेक्षा देखणा, सोनेरी झाक असलेला. तो हवा तर एकट्याचं बिऱ्हाड म्हणून ठेवा. मल्टीसोबत नको, ओसेलॅटसचा नर मूठभर असूनही काचेबाहेरच्या बोटावर धावून येतो.

बाकी दुकानात जे सिक्लिड म्हणून समोर येतात त्यांच्यावर फार लिहिण्यासारखं नाही. ऑस्कर चार सेंटिमीटरचा गोंडस मिळतो आणि तीस सेंटिमीटरचा होतो. फ्लॉवरहॉर्न आणि ब्लड पॅरट हे माणसाने केलेले संकर, निसर्गात नाहीतच, आणि दोन्ही मोठे होतात. एंजलफिशला तळ नको पण उंची हवी, त्याचे पर पसरले की वीस सेंटिमीटर सहज, शिवाय निऑन टेट्रा त्याला खाऊ वाटतात. डिस्कसला घोळका हवा, उष्ण पाणी हवं. कन्व्हिक्ट दोन फुटांत जगतो, अंडीही घालतो, आणि मग टाकीत कन्व्हिक्टच उरतात.

दुकानात मी आता तीनच गोष्टी करते. शास्त्रीय नाव विचारते. 'मिक्स' म्हणाला की पुढची टाकी. त्या टाकीतलं पाणी छोट्या बाटलीत मागून घेते आणि घरी तपासते, माझ्या नळाशी फार फरक असेल तर परत जात नाही. आणि जोडी म्हणून दिलेली जोडी घेत नाही. दोन मासे एका पिशवीत घातल्याने जोडी होत नसते. सहा-आठ लहान आणून त्यांना आपापसात जुळू द्यावं, बाकीचे परत द्यायची बोलणी आधीच करावी.

कडक पाणी असणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. पीएच जितका वर, तितका माशांच्या घाणीतून सुटणारा अमोनिया जास्त विषारी. मऊ पाण्यात जी हयगय खपून जाते ती इथे खपत नाही. नवी टाकी असेल तर आधी महिना-दीड महिना मासे न सोडता फिल्टर चालवून, त्याला अमोनियाचा खुराक देऊन, त्यात जिवाणू तयार होऊ द्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मग मासे. माझ्याकडे साधा स्पंज फिल्टर आहे. मल्टींची पिल्लं त्यात ओढली जात नाहीत, उलट स्पंजवर टिपत बसतात. दर रविवारी एक बादली, १० लिटर पाणी बदलते. बादलीत क्लोरीन मारणारे थेंब आधी.

मल्टींची तक्रार एकच आहे: कुणाला द्यायचे म्हटलं तर हाती लागत नाहीत. जाळी दिसली की सगळे शंखात, आणि शंखातला मल्टी हलवून बाहेर पडत नाही. शेवटी शंख तोंड खाली करून पाण्यात दोऱ्याने टांगायचा आणि वाट बघायची. असे आत्तापर्यंत १४ दिले.

मुलगी सुट्टीत आली की पहिल्यांदा विचारते, आता किती आहेत? गेल्या रविवारी बादली ओतायच्या आधी मोजले, २७ भरले. पाणी बदलून झाल्यावर २२. संध्याकाळी खाणं टाकलं तेव्हा ३१, आणि त्यातलं एक मी दोनदा मोजलं असावं. तीस वर्षं ताळेबंद जुळवतेय. वहीत या रकान्यापुढे पेन्सिलीने लिहिते, म्हणजे खोडता येतं.